चार हजार दोनशे सोळा पावलं

बर्फ घासण्याचं काम एकट्याचं असतं. हिंजवडीच्या पुढे तो मोठा बंदिस्त बर्फाचा आखाडा झाला, म्हणजे २०४५ पासून, तिथली बर्फगाडी मी चालवते. गाडी पुढून बर्फाचा पातळ पापुद्रा खरवडते आणि मागून गरम पाण्याचा हात फिरवते. अकरा मिनिटांत आदल्या दिवशीच्या साऱ्या खरचट्या बुजतात. मुलांचा वर्ग आठला सुरू होतो. तोपर्यंत मी, गाडी आणि उणे पाच अंश.

मला या एकटेपणाचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. खूप वाटतं.

सोळा वर्षं मी भारताकडून बर्फावरची हॉकी खेळले. उत्कर्षा मगदूम. नाव आठवत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, कुणालाच आठवत नाही. देचेन मात्र नक्की आठवत असेल. लेहची देचेन स्पाल्झेस, बचावपटू असून दोनशे चौदा गोल. तिच्या शेजारी, फोटोत अर्धी कापलेली जी दुसरी बाई असायची, ती मी.

या खेळात गोलरक्षक सोडून पाच जणी उतरतात. तीन आघाडीला, दोन बचावाला. बचावाच्या दोघींची जोडी ठरलेली असते, बैलजोडीसारखी, आणि वर्षानुवर्षं बदलत नाही. जोडीतली एक, चेंडूऐवजी असते ती रबरी चकती घेऊन पुढे सुटली की दुसरीने मागे थांबायचं. दोघी गेल्या तर मागे रान मोकळं. आमच्यात देचेन जायची आणि मी थांबायची. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या सामन्यात ती गेली, मी थांबले, आम्ही जिंकलो. जिंकलेल्या गोष्टीला कोण हात लावतो?

देचेनचा एक नियम होता. पुढे जाताना मागे वळून बघायचं नाही. बघितलं की अर्धा सेकंद जातो. माझाही एक होता. ती पुढे असताना हाक मारायची नाही. हाकेने तिचं लक्ष मोडेल. आमचं बोलणं एरवी हिंदीत आणि भरपूर चालायचं, बर्फावर मात्र एक शब्द नाही.

२०४२ मध्ये आम्ही एकाच दिवशी खेळ सोडला. ती फिनलंडला प्रशिक्षक म्हणून गेली. नंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. ती पुढे गेली आहे, लक्ष मोडायला नको, असं वाटायचं. नऊ वर्षं असंच वाटत राहिलं.

*

यंदा, २०५१ मध्ये, आम्ही भारताकडून खेळायचो त्या आशियाई लीगला पंचवीस वर्षं झाली. निवड समितीने जाहीर केलं, 'युगातला सर्वोत्तम खेळाडू' निवडणार. लगेच वाहिन्यांवर भांडणं सुरू झाली. बचावपटू कधी युगातला सर्वोत्तम असू शकतो का? एक तज्ज्ञ म्हणाले, सर्वोत्तम म्हणजे जो सामना घडवतो. बचाववाले फक्त बिघडवतात. दुसऱ्या बाई म्हणाल्या, देचेनसारखी बचावपटू असू शकते, कारण ती गोल करते. म्हणजे बचावपटूने बचाव सोडून दुसरं काही केलं तर ती मोठी! मी ते कांदे चिरता चिरता ऐकत होते, आणि सुरी जरा जोरातच चालत होती.

माझे वडील, आबा, कोल्हापूरच्या तालमीतले कबड्डीपटू, डाव्या कोपऱ्याचे. ते म्हणतात, "चढाई करणाऱ्याचा फोटू येतो आन् पकड करणाऱ्याचा गुडघा जातो." आबांचे दोन्ही गेलेत.

तर जूनमधल्या एका सकाळी डॉ. निसार अत्तार आखाड्यावर आले. साठीचा शांत माणूस, स्वेटरवर स्वेटर घातलेला. 'छायासामना' त्यांचाच. तोवर त्याचं नाव घरोघरी झालं होतं.

छायासामन्याची गोष्ट ऐकायला सोपी आहे. झालेला गोल मोजता येतो. न झालेला कसा मोजणार? तो होणार होता हे कोण सांगणार? आमच्या लीगमध्ये पहिल्या दिवसापासून छतावर कॅमेरे होते आणि प्रत्येकीच्या बुटात, काठीत नि टोपात संवेदक. अत्तारांच्या यंत्राने त्या नोंदी वाचून प्रत्येक खेळाडूची सवय शिकून घेतली. अमुक अंतरावर अमुक जण असताना ही बाई काय करते, थकल्यावर काय करते, दोन गोलांनी मागे असताना काय करते. मग यंत्र खराच सामना पुन्हा खेळवतं, पण एकीला काढून तिच्या जागी 'सरासरी खेळाडू' घालून. दहा हजार वेळा. ती नसताना निकाल किती बदलतो, तो तिचा अभावांक.

क्रिकेटवाल्यांनी तो उचलला, मग कंपन्यांनी, मग घरांनी. इचलकरंजीच्या एका सासूबाईंनी सुनेचा अभावांक मागितला आणि तो स्वतःच्या चौपट निघाल्यावर कोर्टात गेल्या. शेवटी कायदा आला. जिवंत माणसाचा छायानिकाल त्याच्या सहीशिवाय जाहीर करायचा नाही. निकालात दोघे गुंतले असतील तर दोघांच्या सह्या. कुणावर दडपण नको म्हणून एकाची सही झाली की नाही हे दुसऱ्याला सांगायचंही नाही.

"उत्कर्षाताई," अत्तार गाडीच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "समितीने आमच्याकडून सगळ्या खेळाडूंचा अभावांक मागवलाय. तुमचा एकदा येऊन बघाल का?"

"देचेनचा कितवा आला?"

"दुसरा," ते म्हणाले.

"मग पहिली कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडी बंद केली.

*

त्यांच्या प्रयोगशाळेत भिंतभर पडदा होता. अत्तारांनी आधी खुर्ची दिली, मग चहा दिला, मग सांगायला सुरुवात केली. डॉक्टर वाईट बातमी देतात तसं.

"तुमची जोडी आमच्यासाठी डोकेदुखी होती. सतत एकत्र. श्रेय वेगळं काढायचं कसं? एकीच्या दुखापतीमुळे दुसरी एकटी खेळली असे सामने फक्त एकेचाळीस. मग आम्ही बारीक नोंदींकडे वळलो. माणूस निघायचं ठरवतो तेव्हा आधी कंबर वळते, मग बुटाचं पातं कडेवर येतं, मग पाऊल पडतं. तुमच्या नोंदींत एक विचित्र गोष्ट सापडली. कंबर वळलीये, पातं कडेवर आलंय, बर्फ कापायला लागलंय आणि तिथेच दाबून थांबवलंय. पुढे जायला सुरुवात करून थांबलेली पावलं. सोळा वर्षांत चार हजार दोनशे सोळा."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"गुडघ्याला माहीत असेल," मी म्हणाले.

त्यांनी पडदा सुरू केला. २०३५ चा कझाकस्तानविरुद्धचा सामना. तो मी खेळले होते, बरोबरीत सुटला होता. पण इथे देचेनच्या जागी करड्या रंगाची एक बिनचेहऱ्याची आकृती होती. ती सरासरी खेळाडू. ती मधल्या रेषेपाशी चकती अडवते आणि गोंधळते. आणि तिच्या बाजूने एक निळी आकृती, पाठीवर माझा सात नंबर, चकती उचलून सुटते. एकीला बाहेरून चुकवलं, दुसरीला आतून. गोलरक्षक डावीकडे झुकल्यावर उजव्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला. गोल.

"आणखी आहेत," अत्तार म्हणाले. "देचेनताई नसल्या की सरासरीने तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त गोल करता. बचावात तर दुसरी कुणी जवळपास नाही. खऱ्या सामन्यांत विरोधी संघ तुमच्या बाजूने यायचंच सोडून देत. म्हणून तुमच्या नावावर अडवलेल्या चकत्याही कमी दिसतात. कुणी आलंच नाही तर अडवणार काय?"

मी त्या दिवशी सात सामने बघितले. पडद्यावरची ती निळी बाई हात वर करून बर्फावरून घसरत जायची नि बाकीच्या तिच्या अंगावर येऊन पडायच्या. मला तिचा हेवा वाटला. स्वतःच्याच छायेचा हेवा वाटणं हे वेड लागल्याचं लक्षण असेल तर असो.

"एक दाखवा," मी म्हणाले. "देचेनला काढू नका. ती मागे थांबते आणि मी जाते, असं."

अत्तारांनी मान हलवली. "येत नाही. देचेनताई नसतानाच्या सामन्यांत तुम्ही पुढे गेला आहात, पण देचेनताई मागे थांबल्याची एकही नोंद नाही आमच्याकडे. जे कधी बघितलंच नाही ते यंत्र कसं दाखवणार?"

मग त्यांनी कागद पुढे सरकवला. आमच्या दोघींची जोडी असल्याने दोघींची संमती लागणार होती. वीस जुलैपर्यंत दोन्ही सह्या आल्या तर समिती छायानिकाल धरणार आणि मान मला मिळणार. एक जरी आली नाही, तर जुनी आकडेवारी धरणार. गोल, पास, पदकं. मग मान देचेनला.

"तिला कागद पाठवलाय?"

"दोघींनाही पाठवलाय. त्यापुढे मला काही सांगता येत नाही, ताई."

*

कागद माझ्या फ्रिजवर महिनाभर चिकटलेला होता.

मला सही करायची होती. हे स्पष्ट लिहिते, कारण नंतर मी फार थोर वागले असं कुणाला वाटायला नको. रोज सकाळी दूध काढताना तो कागद दिसायचा आणि मी पेन शोधायची. आजवर कुणी मला विचारलं नव्हतं की तू काय केलंस. आता एक यंत्र आकड्यांनिशी सांगत होतं, आणि ते सगळ्यांनी ऐकावं असं मला अगदी पोटातून वाटत होतं.

पण देचेनला मी ओळखत होते. ती कधी कुठला कागद उघडायची नाही. पासपोर्टचे फॉर्म, विम्याचे फॉर्म, उत्तेजकांच्या चाचणीचे फॉर्म, सोळा वर्षं मीच भरले. तिचा कागद फिनलंडमधल्या कुठल्यातरी टेबलावर न उघडता पडला असणार, याची मला खात्री होती. मी सही केली तर, नियम काहीही असो, कुणीतरी तिला फोन करून घाई करणार. मग ती उघडणार. त्यात लिहिलेलं वाचणार, की तुझ्या गोलांच्या मागे एक बाई चार हजार वेळा थांबली. वाचून तिचं काय उरणार? तिच्याकडे त्या दोनशे चौदा गोलांशिवाय होतं काय? लग्न टिकलं नव्हतं, आई गेली होती, लेहचं घर भावाने घेतलं होतं. हे मला मासिकांतल्या मुलाखतींतून कळत होतं. मैत्रिणीची खबर मासिकातून घ्यायची वेळ आली होती, यावरूनच काय ते समजा.

आबांना सांगितलं. ते ऐकू कमी येत असल्याने फोनवर ओरडूनच बोलतात.

"सही कर की मग! वाट कुणाची बघतीस?"

"तिला वाईट वाटेल, आबा."

"आगं, तिला ईचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे."

"तुला समदंच म्हायती आसतंय," आबा म्हणाले. "मरायच्या आदी माझ्या पोरीचं नाव टीव्हीवर ऐकलं आसतं. बाकी तुझी मर्जी."

फोन ठेवल्यावर मी रडले. पण देचेनला फोन केला नाही. तिचा नंबर होता, बोटही त्यावर ठेवलं होतं. लक्ष मोडेल, ही सवय इतकी मुरली होती की ती मला प्रेमच वाटायची.

एकवीस तारखेला कागद फ्रिजवरून काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. मी तिला वाचवलं असं वाटत होतं. बरंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

*

सोहळा आमच्याच आखाड्यावर झाला, ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी. बर्फ मीच केला. इतका मन लावून कधी केला नसेल.

देचेन आली. केस पांढरे, चाल तीच. खेळाच्या इतिहासात पहिल्यांदाच बचावपटू युगातली सर्वोत्तम, असं निवेदक दोन-दोनदा ओरडला. लोक उभे राहिले. मी गाडीच्या खोलीच्या दारातून बघत होते. तिच्या हातात मानाची ढाल दिली, मग माइक दिला.

"धन्यवाद," ती म्हणाली. "मला जे बोलायचं होतं ते बोलायची परवानगी नाही. म्हणून एवढंच."

लोकांना तो विनय वाटला. टाळ्या आणखी वाढल्या. मला मात्र माहीत होतं, देचेन विनयी कधीच नव्हती.

दहा मिनिटांनी ती गाडीच्या खोलीत आली. मी दोन कप चहा करून ठेवला होता. तिने कपाकडे बघितलंही नाही.

"सही का नाही केलीस?"

"तू कागद उघडलास?"

"उघडला. दोनदा वाचला. त्याच दिवशी सही केली." ती हिंदीतच बोलत होती, शांतपणे. "रोज सकाळी अत्तारांना फोन करायचे. मगदूमची आली का? ते म्हणायचे, सांगता येत नाही. वीस तारीख गेली तेव्हा कळलं."

"मला वाटलं, तुला सहन होणार नाही."

"मला?" ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "नऊ वर्षं मी तुला फोन का केला नाही, माहीत आहे? बर्फावर पात्याचा आवाज येतो, मगदूम. पाऊल उचललं की येतो, आणि दाबून थांबवलं की वेगळा येतो. मला ऐकू यायचा. प्रत्येक वेळी. तू निघतेस, थांबतेस, हे मला ऐकू यायचं आणि तरी मी जायचे. कारण मला गोल हवा असायचा. कुठल्या तोंडाने फोन करणार होते तुला?"

मी तिचा कप तिच्याकडे सरकवला.

"मग ते यंत्र आलं. म्हटलं, बरं झालं. आता सगळ्यांसमोर सांगता येईल, आणि हिची माफी मागता येईल. ती सही म्हणजे माझा फोन होता. तू उचलला नाहीस."

"आत्ता करते. अत्तार बाहेरच आहेत, आत्ता बोलावते."

"आता?" तिने ढाल माझ्यासमोर धरली. "आता बाहेर आलं तर लोक म्हणतील, देचेनने माहीत असून लपवलं आणि मान घेतला. करायची असेल तर कर. मी अडवणार नाही."

ती थांबली होती. खरंच थांबली होती, माझ्या उत्तरासाठी. आता सही केली तर ती चोर ठरणार होती, आणि केली नाही तर तिला ते खोटं जन्मभर बाळगावं लागणार होतं. हे सगळं माझ्या चांगुलपणाने झालं होतं.

"तू माझ्यासाठी जे काही केलंस ते मला न विचारता केलंस," देचेन म्हणाली. "एकदा विचारायचं होतंस."

बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. विमानतळावर जायची गाडी आली होती. ती गेली. चहा दोन्ही कपांत तसाच होता.

*

तिसऱ्या दिवशी अत्तारांचा फोन आला. दोन्ही सह्या न झालेला निकाल नोंदींसकट पुसायचा, असा नियम होता. "पुसायच्या आधी एकदा बघायचं असेल तर या, ताई."

मी गेले. त्यांनी ती निळी आकृती लावायला घेतली. कझाकस्तानचा सामना, तोच गोल.

"हे नको," मी म्हणाले. "खरा लावा. आवाजासकट."

त्यांनी खरा सामना लावला, प्रेक्षकांचा आवाज गाळून. बर्फाचा तेवढा ठेवला. देचेन चकती घेऊन सुटली. मागे मी. आणि आला तो आवाज, कर्र करून सुरू झालेला नि मध्येच तुटलेला. इतका स्पष्ट की सगळ्या रिंगणाला ऐकू गेला असेल.

"थांबवा," मी म्हणाले. "तिच्या बुटाच्या नोंदी दाखवा. त्याच क्षणाच्या."

अत्तारांनी आकडे काढले. मग दुसरा सामना काढला, मग तिसरा, मग यंत्रालाच सगळे शोधायला लावलं. माझं पाऊल जिथे जिथे तुटलं होतं, तिथे तिथे लगेच देचेनचा वेग किंचित पडला होता. डोळ्यांना दिसू नये इतकाच. तिचं पातं मागच्या कडेवर यायचं, बर्फ धरायचं, वाट बघायचं. माझ्याकडून काहीच आलं नाही की मग ती पुन्हा सुटायची.

"प्रत्येक वेळी?" मी विचारलं.

"जवळजवळ प्रत्येक वेळी," अत्तार म्हणाले. "हे आम्ही शोधलंच नव्हतं. आम्ही फक्त तुमचं बघत होतो."

सोळा वर्षं मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती माझ्यासाठी थांबायची, आणि मी हाक मारत नव्हते.

अत्तारांनी विचारलं, पुसू का. मी हो म्हणाले. नंतर तिथेच बसून देचेनला फोन लावला. बराच वेळ वाजला. तिने उचलला नाही.